रान साफ करायचे आहे: जेसीबी भाड्याने आणावा की विकत घ्यावा?

कोकणात लांज्याकडचे आमचे ७ एकर वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) वीसेक वर्षे पडीक होते. करवंद, घाणेरी, रानमोडी, मधूनमधून अकेशिया, आणि वरच्या अंगाला ऐन-किंजळीची मोठी झाडे. ते वहितीखाली आणायचे ठरले तेव्हा घरात पहिला सूर निघाला तो यंत्र विकत घेण्याचा. "भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा आपलाच जेसीबी असला तर? आपले काम झाले की गावात भाड्याने फिरेल." चुलतभावाने तर डीलरकडून कोटेशनही आणले. आम्ही तो घेतला नाही. त्या निर्णयासाठी जो हिशेब मांडला, तोच पुढे तीन-चार ओळखीच्यांना मांडून दिला. एकाने त्यानंतर यंत्र घेतले आणि त्याचे ते बरोबरच होते. हिशेब सगळ्यांना सारखाच आहे, त्यात घालायचे तास मात्र प्रत्येकाचे वेगळे.

यंत्राची किंमत, हप्ता, मायलेज यांच्या चर्चेत शिरण्याआधी एकच आकडा काढा: तुमच्या जमिनीत यंत्राचे किती तास काम आहे. तो हातात नसताना घेतलेला कोणताही निर्णय अंदाजाने घेतलेला असतो, आणि तीस-पस्तीस लाखांचा अंदाज चुकला तर त्या घराचे हाल होतात. असे घर मी जवळून पाहिले आहे.

यंत्राआधी कागद

सातबारा काढा आणि इतर हक्काचा रकाना शब्द न् शब्द वाचा. तिथे 'खाजगी वन', 'राखीव वन' असा शेरा असेल तर काम तिथेच थांबवून तलाठी आणि वनखात्याकडे जा. कोकणात १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने असे शेरे बऱ्याच सातबाऱ्यांवर आले आहेत आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते.

झाडांसाठी वेगळा कायदा आहे, महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४. साग, खैर, चंदन, आंबा, जांभूळ, चिंच, मोह, हिरडा, ऐन, किंजळ ही झाडे त्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या मालकीच्या जमिनीतली असली तरी ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. यंत्राने मुळासकट उपटणे म्हणजेही तोडणेच. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे वृक्षतोडीवर बंदीच आहे. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो.

आपल्या गटातली माती आपल्याच गटात सरकवणे हे सपाटीकरण झाले. तोच मुरूम किंवा दगड ट्रॉलीत भरून गटाबाहेर गेला की तो गौण खनिज ठरतो. त्याला परवाना आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) लागते. नसेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ खाली दंड होतो आणि यंत्र जप्त होऊ शकते. भाड्याच्या यंत्राचा मालक यासाठी आधी तुमच्याकडे कागद मागतो. यंत्र तुमचे असेल, तर दुसऱ्याच्या रानात काम करतानाही ही जोखीम तुमच्याच डोक्यावर असते. विकत घेणाऱ्यांच्या हिशेबात ही गोष्ट सहसा नसते.

हद्दीचा प्रश्न असेल तर भूमी अभिलेखची मोजणी आधी करून घ्या. बांध जेसीबीखाली एकदा सपाट झाला की शेजाऱ्याशी असलेले तीस वर्षांचे संबंधही त्याच्याबरोबर जातात.

कुठे यंत्र नकोच ते ठरवा

माझ्या मते सर्वात जास्त पैसा वाचतो तो याच टप्प्यात, आणि लोक नेमका हाच टप्पा टाळतात. सगळे रान एकदम 'क्लीन' दिसावे अशी हौस असते. पण काजू किंवा आंबा लावायचा असेल तर संपूर्ण जमीन उघडी करण्याची गरजच नाही. आंबा १० × १० मीटरवर लावला तर एकरी ४० झाडे बसतात, काजू ७ × ७ मीटरवर एकरी ८० च्या आसपास. लागते ती फक्त खड्ड्यांची जागा आणि तिथवर जायची वाट. मधली झुडपे बेणणी करून (हाताने कापून) किंवा ग्रास कटरने खाली ठेवता येतात. कोकणात पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एप्रिलमध्ये उताराची जमीन मुळांसकट खरवडली, तर पहिल्या जूनमध्येच वरची वीतभर माती पऱ्यात (ओढ्यात) जाते आणि खाली कातळ उघडा पडतो. तो पुन्हा झाकायला आपले आयुष्य पुरत नाही.

आम्ही ७ पैकी ३ एकर नाचणी-भाजीसाठी पूर्ण साफ करायचे ठरवले. उरलेल्या ४ एकरांत यंत्राने फक्त वाटा पाडल्या आणि काजूचे ३२० खड्डे काढले. ऐन-किंजळ होती तशीच उभी ठेवली.

मराठवाडा-सोलापूरकडचा प्रश्न वेगळा आहे. तिथे वेडी बाभूळ माजलेली असते. ती नुसती कापली तर जमिनीलगतच्या गड्ड्यापासून पुन्हा दहा फांद्या फुटतात, म्हणून फूटभर खोलीपासून गड्डा उपटावाच लागतो. तिथे यंत्राला पर्याय नाही. मात्र यंत्र आणण्याआधी लाकूड काढून घ्या. कोळसा पाडणारे किंवा भट्टीला लाकूड पुरवणारे बऱ्याचदा लाकडाच्या बदल्यात फुकट कापून देतात. (तोडीची आणि वाहतुकीची परवानगी लागते का, हे वनखात्यात आधी विचारून घ्या.) त्यांना एक सांगून ठेवा: बुंधा जमिनीसरसा कापू नका, दोन-अडीच फूट उभा ठेवा. बकेटला धरायला तेवढा बुंधा असला तर गड्डा दोन हिसक्यांत येतो. जमिनीसरसा कापलेला खुंट काढायला भोवतीने उकरत बसावे लागते, आणि तोवर मीटर फिरत असतो.

पाच गुंठ्यांचा नमुना

तासांचा अंदाज कोणाला विचारून कळत नाही. ठेकेदार कमी सांगतो, शेजारी जास्त. स्वतः काढायचा तर असा काढा.

रान पायांनी फिरा आणि मनात तीन भाग पाडा: विरळ, मध्यम, दाट. प्रत्येक भागात ५ गुंठ्यांचा एक तुकडा दोरीने आखा. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे साधारण ७४ फूट × ७४ फूट धरला की ५ गुंठे होतात. यंत्र एका दिवसासाठी ताशी दराने बोलवा आणि एवढे तुकडेच पूर्ण करून घ्या. पूर्ण म्हणजे उपटणे, मुळांची माती झटकणे, झाडोरा कडेला रचणे आणि खड्डे बुजवणे. नुसते उपटण्याचे तास मोजले तर अंदाज निम्म्यावर येतो. यंत्र किती तास चालले ते दाखवणाऱ्या अवर मीटरचे सुरुवातीचे आणि शेवटचे रीडिंग लिहून घ्या. एकरात ४० गुंठे, म्हणून आलेल्या वेळेला ८ ने गुणा.

आमच्याकडे दाट तुकड्याला १ तास ३५ मिनिटे लागली. म्हणजे एकरी १२ तास ४० मिनिटे, आणि सगळे ७ एकर तसेच धरले तर ८९ तास. तेव्हा आमच्याकडे ऑपरेटर आणि डिझेलसकट ताशी १,२०० रुपये दर होता, म्हणजे १ लाख ७ हजार रुपये. यंत्राची गरज कमी केल्यावर ३ एकरांचे ३८ आणि वाटा-खड्ड्यांचे ३० असे ६८ तास झाले, आणि त्यात खड्डेही निघाले.

कोणते यंत्र

घेणे-न घेणे ठरवण्याआधी यंत्राचा प्रकार ठरतो. दर आणि तास दोन्ही त्यावर अवलंबून असतात.

जेसीबी म्हणजे पुढे लोडर आणि मागे खोदायचा हात असलेले टायरचे यंत्र. झुडपे, मध्यम झाडे, खड्डे, चर, ट्रॉली भरणे या सगळ्याला ते चालते. रस्त्याने स्वतः येते, त्यामुळे वाहतुकीचा खर्च कमी. ओल्या काळ्या रानात मात्र रुतते.

पोकलेन पट्ट्यावर चालते आणि पूर्ण गोल फिरते. उतार, दगडगोटे, खोल मुळे, ताली (माती अडवणारे बांध) घालणे ही त्याची कामे. २० टनी पोकलेनचा ताशी दर जेसीबीच्या जवळपास दुप्पट असतो. दाट आणि जाड झाडांत ते दुपटीहून जास्त काम उरकते, पण नुसत्या करवंदीच्या रानात ते लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे. शिवाय ते लो-बेड ट्रेलरवर आणावे लागते. ट्रेलर तुमच्या पाणंदीत वळतो का, हे आधी पाहा. ट्रेलर मुख्य रस्त्यावर थांबला तर पोकलेन तिथून रानापर्यंत चालत येते, आणि त्या वेळेचेही पैसे लागतात.

डोझरने सपाटीकरण सर्वात भराभर होते, पण रान साफ करायला मी तो कधीच सुचवत नाही. ब्लेड झाडाबरोबर वरची माती ओढत नेते. आमच्याकडे पहिल्या तीन तासांत ऑपरेटरने जेसीबीच्या पुढच्या बकेटने तेच केले. मी चहा आणायला घरी गेलो होतो. पुढच्या पावसात ज्या जागी ढीग होता तिथली नाचणी कमरेइतकी वाढली आणि खरवडलेल्या जागची वीतभर राहिली. त्यानंतर काम सुरू असताना मी रान सोडले नाही. मागच्या बकेटने उपटा, मुळे आपटून माती झटका, मग बाजूला ठेवा, हे ऑपरेटरला पहिल्या दिवशीच दाखवा.

विकत घेण्याचा खरा हिशेब

आता मुख्य प्रश्न. आकडे मी उदाहरणासाठी धरतो आहे. तुम्ही तुमच्या डीलरचे, बँकेचे आणि गावच्या दराचे घाला, रीत तीच राहील.

नवा जेसीबी सगळे धरून ३५ लाखांना पडला. यात १८ टक्के जीएसटी आला. नोंदणीकृत व्यावसायिक तो वळता करून घेऊ शकतो, फक्त शेती करणाऱ्याला तो परत मिळत नाही. ५ लाख स्वतःचे, ३० लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी ४ वर्षांसाठी. हप्ता येतो सुमारे ७६,८०० रुपये, आणि चार वर्षांत व्याज जाते ६ लाख ८७ हजार. चार वर्षांनी यंत्र १७ लाखांना विकले गेले असे धरू. म्हणजे घसारा १८ लाख. व्याज आणि घसारा मिळून वर्षाला ६ लाख २२ हजार.

ऑपरेटर आणि हेल्पर दोघांचे मिळून महिन्याला ३६,००० धरले तर वर्षाचे ४ लाख ३२ हजार. चांगला ऑपरेटर काम नसले तरी पगार घेतो, आणि पावसाळ्यात सोडलात तर ऑक्टोबरमध्ये तो दुसऱ्याच्या यंत्रावर असतो. विमा, कर आणि किरकोळ खर्च ५० हजार. असा यंत्र उभे राहिले तरी होणारा खर्च झाला वर्षाला ११ लाख ४ हजार.

यंत्र चालले की ताशी ५ लिटर डिझेल, ९२ रुपयांनी ४६० रुपये. ऑइल, फिल्टर, ग्रीस, बकेटचे दात, पिन-बुश, होज पाईप आणि टायरसाठी ताशी १३० बाजूला काढा. एकूण ५९०. भाड्याचा दर १,२०० असेल तर स्वतःचे यंत्र चालवल्यावर ताशी ६१० रुपये वाचतात, किंवा दुसऱ्याकडे चालवले तर तेवढे हातात पडतात.

११ लाख ४ हजारांना ६१० ने भागा. उत्तर येते वर्षाला सुमारे १,८०० तास. इतके तास चालले तर यंत्र ना नफा ना तोटा या पातळीला येते.

१,८०० तास म्हणजे किती? कोकणात यंत्र नोव्हेंबरच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत चालते. ते साधारण २०० दिवस. रोज ९ तास, एकही दिवस नागा न होता, बिघाड न होता, आणि सगळे पैसे वसूल होऊन. आमचे काम होते ६८ तासांचे. उरलेले १,७३२ तास गावात शोधायचे होते, जिथे आधीच तीन जेसीबी फिरत होते.

'आपले काम झाले की भाड्याने फिरेल' या वाक्याचा अर्थ खरे तर 'आपण ठेकेदारीचा धंदा सुरू करतो आहोत' असा आहे. तो धंदा चांगला आहे, कष्टाचा आहे, आणि ज्याच्या हातात पाइपलाइनची, रस्त्यांची, विहिरींची, प्लॉटिंगची कामे आहेत त्याने जरूर करावा. माझ्या ज्या ओळखीच्याने यंत्र घेतले, त्याच्याकडे वर्षाच्या १,४०० तासांची कामे आधीच तोंडी ठरलेली होती, भाऊ स्वतः ऑपरेटर होता आणि उधारी वसूल करायची त्याला सवय होती. घरचा ऑपरेटर म्हणजे पगार घरातच राहिला, त्यामुळे त्याचा लागणाऱ्या तासांचा आकडा १,८०० वरून बराच खाली आला. पण तो रान साफ करण्यासाठी यंत्र घेत नव्हता, आणि हे त्याला नीट माहीत होते.

अनुदानाबद्दलही विचारणा होते. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर ट्रॅक्टर आणि त्याच्या अवजारांसाठी योजना आहेत. तिथल्या यादीत यंत्राचे नाव प्रत्यक्ष वाचल्याशिवाय अनुदानाचा रुपयाही हिशेबात धरू नका.

जुने घेऊन, काम करून, विकले तर?

हा विचार मोह पाडणारा आहे, म्हणून त्याचाही हिशेब करू. १४ लाखांचे जुने यंत्र, सहा महिन्यांनी १२ लाखांना विकले. तोटा २ लाख, घेतल्यावरची मोठी दुरुस्ती दीड लाख, सहा महिन्यांचा ऑपरेटर-हेल्पर २ लाख १६ हजार, विमा-कागदपत्रे २५ हजार, अडकलेल्या पैशाचे व्याज ७३ हजार. बेरीज ६ लाख ६४ हजार. ६१० ने भागले तर सुमारे १,०९० तास, म्हणजे आमच्यासारखे दाट रान ८५ एकरांच्या पुढे असेल तरच. शिवाय जुने यंत्र डिझेल आणि दुरुस्ती जास्तच खाते.

दहा-बारा शेतकऱ्यांचा गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी असेल, प्रत्येकाचे आठ-दहा एकर असतील, तर हा आकडा गाठता येतो. तेव्हा विचार करा. मग यंत्र पाहताना अवर मीटरवर विश्वास ठेवू नका, तो बदललेला असू शकतो. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला लावा. बकेट जमिनीपासून उचलून दहा मिनिटे तशीच ठेवा, आपोआप खाली येत असेल तर हायड्रोलिकमध्ये गळती आहे. मागचा हात आडवा हलवून पिन-बुशची ढिलाई पाहा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का आणि चेसिस नंबर जुळतो का, ते तपासा. १ जानेवारी २०२५ पासून नव्या यंत्रांना सीईव्ही स्टेज ५ हे प्रदूषण-मानक लागू आहे. त्या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक भाग जास्त असतात, आणि गावच्या मेकॅनिकला ती पूर्वीसारखी उघडता येत नाहीत.

भाड्याने घेताना काय ठरवायचे

बहुतेकांचे उत्तर इथेच येईल, म्हणून बोलणी नीट करा. ताशी दर घड्याळाने की मीटरने, हे पहिल्यांदा ठरवा. पहिल्या खेपेला मी घड्याळावर पैसे दिले आणि त्यात ऑपरेटरचे जेवण, फोन आणि फुटलेला होज बदलायचा दीड तासही मोजला गेला. मीटरने ठरवा. सकाळ-संध्याकाळ रीडिंगचा मोबाइलवर फोटो काढा आणि वहीत दोघांच्या सह्या घ्या.

दरात डिझेल आहे का, येण्याजाण्याचे वेगळे आहेत का, किमान किती तास धरणार, ऑपरेटरचे जेवण आणि भत्ता कोणाकडे, बिघाडाचे तास कोणाचे, हे आधीच विचारा. यंत्राचा विमा चालू आहे आणि ऑपरेटरकडे परवाना आहे, याचे फोटो मागायला संकोचू नका. अपघात झाला तर पहिला प्रश्न तोच येतो.

काम १५० तासांच्या पुढे असेल तर महिन्याच्या भाड्याचे विचारा. त्यात किती तास धरलेत आणि डिझेल कोणाचे, यावर सगळा फायदा-तोटा ठरतो. एकरी उक्ते (ठरलेल्या ठोक रकमेचे) काम स्वस्त वाटते, पण उक्त्यात ऑपरेटरला घाई असते. तो मुळे तोडून वर माती ओढतो आणि रान वरून छान दिसते. सपाटीकरण उक्ते द्या, मुळे काढायचे काम ताशी द्या.

वेळही महत्त्वाची. एप्रिल-मेमध्ये प्रत्येकाला यंत्र हवे असते, दर चढतात आणि ऑपरेटर एका रानातून दुसऱ्यात धावत असतो. जानेवारी-फेब्रुवारीत बोलवा. जमिनीत थोडी ओल असते, मुळे अखंड येतात आणि धूळही कमी उडते. काळ्या रानात मात्र वाफसा येऊन वरचा थर टणक होईपर्यंत थांबा.

यंत्र येण्याच्या आदल्या दिवशी रानातल्या पडक्या विहिरी, हद्दीचे दगड, पाइपलाइन, बोअर आणि राखायची झाडे चुन्याने किंवा लाल कापडाने खुणावून ठेवा. वरून महावितरणची तार जात असेल तर ऑपरेटरला जागेवर नेऊन दाखवा. पोकलेनचा हात उंच जातो आणि झुडपांत लक्ष खाली असते. त्याच दिवशी ढिगांच्या जागाही ठरवा. उताराला आडव्या ओळीत झाडोरा रचला तर पहिल्या पावसात माती तिथे अडते. आम्ही तो पेटवला नाही. तीन वर्षांत कुजून त्याचीच चांगली ताल झाली.

यंत्र गेल्यावर खर्च संपला असे समजून सगळे पैसे देऊन मोकळे होऊ नका. पाऊस सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी रानात फिरा. राहिलेल्या मुळांतून घाणेरी आणि बाभळीचे फुटवे वर आलेले दिसतील. तेव्हा ते कुदळीने सहज निघतात. आम्ही दोन माणसे लावून ३ एकर चार दिवसांत फिरून काढले. ऑगस्टमध्ये पुन्हा एक फेरी, आणि दुसऱ्या वर्षी तेवढेच. या चार फेऱ्यांची मजुरी पहिल्या दिवशीच हिशेबात धरून ठेवा.